अनंताची गुटी

"अहो! अहो, थांबा... काय टाकून राहिले तुमी त्या झाडाले?"

हे शब्द तोंडातून निघाले तेव्हा करिश्मा अकोल्याच्या जठारपेठेत एका अनोळखी घराच्या फाटकाशी उभी होती. दोन्ही हातांत ओल्या फडक्याखाली झाकलेल्या फुलांच्या टोपल्या, वर मे महिन्याचं ऊन, आणि जायचं होतं समोरच्या घरी. तिथं तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीची, प्रतीक्षाची, हळद होती. अकोल्याच्या उन्हात ओल्या फडक्याचा काही भरवसा नसतो. शहाण्या मुलीनं सरळ समोरच्या घरात शिरावं की नाही? पण करिश्मा अमरावतीच्या फुलवाल्याची मुलगी. आजारी झाड दिसलं की तिचे पाय थांबत, आणि पाय थांबले की जीभ सुटे.

फाटकाच्या आत एक तरुण कुंडीवर बादली तिरपी करून उभा होता. उंचसा, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वळवलेल्या. त्यानं वर पाहिलं, मग मागे वळून पाहिलं. ही मुलगी आपल्याशीच बोलते आहे याची खात्री पटल्यावर तो म्हणाला,

"पाणी. दुसरं काय टाकतात झाडाले?"

"कुठचं पाणी?"

"कूलरचं. टाकी रिकामी केली, म्हटलं वाया कायले घालवायचं..."

"कूलरचं!" करिश्मानं टोपल्या सावलीत टेकवल्या. "अहो, तुमच्या बोअरचं पाणी आधीच खारं. ते दिवसभर कूलरमध्ये फिरते, उडून जाते, आन् सारं मीठ खाली टाकीत राह्यते. जाळीवर पांढरा थर बसते, पाह्यला ना? तोच तुमी रोज याच्या मुळावर बसवून राहिले. अनंत आहे हा! निवडुंग नाही!"

त्यानं झाडाकडे पाहिलं. बादली हातात तशीच. अनंताची पानं बाराही महिने हिरवीगार, तेल लावल्यासारखी तुकतुकीत असतात. याची पिवळी पडली होती, कडा करपल्या होत्या. शेंड्याला एकुलती एक कळी होती, तीही उघडायच्या आधीच काळवंडलेली.

"म्हणजे... मीच?" त्यानं विचारलं. "मले वाटत होतं ते मरून राहिलं, म्हणून मी आणखी टाकत होतो."

त्याचा चेहरा इतका खरोखरचा पडला, की करिश्माचा राग कुठल्या कुठे गेला. आणि राग गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण एका परक्या माणसाला त्याच्याच दारात झापतो आहोत.

"पण अनंत कायले लावला तुमी इकडे?" तिनं जरा मऊ आवाजात विचारलं.

"आईसाठी. आईचं माहेर चांदूर बाजारकडलं. लहानपणी अनंताचं फूल वेणीत खोसून शाळेत जात होती म्हणते. मंग लग्न होऊन तेल्हाऱ्याले आली. आमच्या विहिरीले खारं पाणी. कपाशी होते, तूर होते... अनंत काही होत नाही. आता मी इथं घर घेतलं, आईबाबाले घेऊन आलो. म्हटलं, एक झाड तर तिच्यासाठी..." तो स्वतःवरच हसला. "हे तिसरं."

"तिसरं मारलं?"

"हो."

"आन् काम काय करता तुमी?"

त्यानं बादली खाली ठेवली. "ठिबक," तो म्हणाला. "शेतात ठिबकचे सेट बसवतो."

करिश्मानं कपाळावर हात मारला. झाडाला पाणी देणं हाच ज्याचा धंदा, त्यानं तीन-तीन अनंत पाण्यानं मारावेत! ती हसायला लागली, मग तोही हसला, आणि हसताना त्याच्या डाव्या गालावर एक बारीक खळी पडते हे तिनं पाहिलं. पाहायला नको होतं, पण पाहिलं.

"नर्सरीतलं रोप नका आणू आता," ती म्हणाली. "ते बाहेरून ट्रकनं येते, लाल मातीचा गोळा घेऊन. इकडच्या काळ्या मातीत त्याचा जीव नाही रमत. आमच्या बागेत एक अनंत आहे. इकडचाच. त्याचं रोप मी देईन तुमाले."

"खरंच?"

"खरंच."

समोरच्या घरातून कुणीतरी 'फुलं आली का' म्हणून ओरडलं. करिश्मानं टोपल्या उचलल्या, दोन पावलं गेली, परत आली. फडक्याखाली हात घालून तिनं अनंताचं एक टपोरं पांढरंशुभ्र फूल काढलं आणि त्याच्या ओल्या तळहातावर ठेवलं.

"आईले द्या," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून पळाली. नाव विचारायचं राहिलंच. ते तिला हळदीच्या घरात प्रतीक्षानं सांगितलं, फार मिस्कील डोळ्यांनी: "श्याम. आन् बाई, लग्न नाही झालं त्याचं. तू विचारलं नाही, तरी सांगतो मी!" फोन नंबरही तिनंच दिला.

अमरावतीला परतताना बसमध्ये करिश्माला एकदम आठवलं, आपण काय बोलून बसलो ते. आणि तिनं समोरच्या सीटवर कपाळ टेकलं.

कारण त्या अनंताचं रोप कुणाला देत नसत.

बडनेऱ्याच्या रस्त्याला, घरामागेच, करिश्माच्या बाबांची, वामनरावांची, फुलबाग होती. शेवंती, निशिगंध, मोगरा, सगळं विकायला. राजापेठेत वामनरावांच्या मोठ्या बहिणीचं, तानुबाई आत्याचं, हाराचं दुकान होतं, तिथं रोजची फुलं जायची. पण मोटरच्या खोलीजवळचा तो अनंत घरचा. माणसापेक्षा उंच, उन्हाळ्यातही हिरवाकंच. बुडाशी मुरमाड माती, आणि आठवड्याला घागरभर आंबट ताक. आंबट खाल्ल्याशिवाय हा फुलत नाही, असं घरात सगळ्यांना पाठ. फुलं विकायची, फांदी नाही.

फांदी फक्त लेकीची. घरातल्या मुलीचं लग्न ठरलं की त्या पावसाळ्यात तिनं आपल्या हातानं अनंताला गुटी बांधायची. फांदीची बोटभर साल गोल काढायची, तिथं ओलं शेवाळ गुंडाळायचं, वर प्लास्टिक, दोन्हीकडे सुतळी. आत हळूहळू मुळं फुटतात. फांदी आईच्या अंगावरच असते आणि स्वतःच्या पायावर उभी राहायची तयारी करत असते. मग मुलगी सासरी निघाली की बापानं ती फांदी कापायची आणि तिच्यासोबत द्यायची. आत्यानं एक मोर्शीला नेली होती, तेव्हा तिचं सासर तिथं होतं. करिश्माच्या मोठ्या बहिणीनं, आरतीनं, यवतमाळला नेली. झाडावर गुटी लटकलेली दिसली की शेजारीपाजारी घरात येऊन विचारत, "पोरगा काय करते?"

आणि हे सगळं माहीत असून तिनं कबूल केलं होतं! ऊन लागलं असेल, असं तिनं ठरवलं. मग ठरवलं की साधी काडी खोचून रोप करू. पण काड्या लागल्या नाहीत, सडल्या. शब्द तर दिलेला. आणि त्याची आई... तेल्हाऱ्याच्या खाऱ्या विहिरीपाशी इतकी वर्षं एका फुलाची वाट पाहणारी. करिश्मानं न पाहिलेल्या त्या बाईची आठवण काढली, म्हणजे आपण त्या बाईच्या मुलाची आठवण काढत नाही, असं स्वतःला बजावलं, आणि पाऊस नीट लागल्यावर एका दुपारी, बाबा बाजारात असताना, झाडाच्या मागच्या बाजूला, कुंपणाकडच्या फांदीवर गुपचूप गुटी बांधली.

"ही तसली गुटी नाही," तिनं झाडाला सांगितलं. "ही साधी आहे."

पावसाचं साठलेलं पाणी पानांवरून तिच्या मानेवर ओघळलं.

तिनं फोनवर कळवल्यावर श्याम गुटी पाहायला आला तेव्हा आकाश भरून आलेलं होतं. चांदूर बाजारकडे संत्र्याच्या बागांत काम चालू आहे, जाता जाता आलो, असं त्यानं सांगितलं. अकोल्याहून चांदूर बाजारला जाता जाता बडनेऱ्याच्या रस्त्याला यायचं म्हणजे वाट वाकडी करून यावं लागतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. विषय कुणी काढला नाही.

वामनराव घरीच होते. त्यांच्या ठिबकच्या नळ्या तुंबलेल्या. श्यामनं बॅग उघडली, चिखलात उकिडवा बसला आणि एकेक ड्रीपर काढून तोंडानं फुंकून साफ करायला लागला. वामनराव खूश. "पोट्टा कामाचा आहे," ते म्हणाले. मग दर पंधरवड्याला काहीतरी तुंबायला लागलं. कधी फिल्टर, कधी नळी. एवढं तुंबणारं ठिबक अख्ख्या वऱ्हाडात दुसरं नसेल.

"आज काय बिघडलं?" करिश्मा विचारायची.

"अजून पाह्यलं नाही. बिघडनच काहीतरी."

"तुमी आले की बिघडते, असं बाबा म्हणत होते."

"आन् तुमी काय म्हणता?"

"मी कायले म्हणू? मले काय, ठिबक समजते?"

मग दोघं कुंपणाच्या बाजूनं अनंताकडे जात. रिमझिम चालूच असायची. एक छत्री, आणि ती त्यानं अशी धरायची की त्याचा उजवा खांदा पूर्ण भिजावा. ती म्हणायची, इकडे घ्या ना जरा. तो म्हणायचा, मी पाण्यातला माणूस आहे. झाडाखाली उशिरा उमललेलं एखादं फूल असायचं. पहिल्या दिवशी पांढरं, दुसऱ्या दिवशी सायीच्या रंगाचं, आणि वास असा की बोलणं मधेच थांबावं. ते थांबायचं. ती गुटी बोटानं दाबून पाहायची, तो तिची बोटं पाहायचा... आणि पानांवर पावसाचा आवाज तेवढा चालू राहायचा.

"झाली का?"

"नाही. वेळ लागते अनंताले."

"लागू द्या," श्याम म्हणायचा. "मले घाई नाही."

त्या दिवसांत करिश्मा हार गुंफताना दोरा विसरायची, दुकानात शेवंती मागितली तर निशिगंध द्यायची. भाजीत दोनदा मीठ पडलं. प्रेमात पडली होती पोर, दुसरं काय! पण ते स्वतःशी कबूल करायला तिला श्रावण उजाडला. त्या सकाळी ती गुटी पाहायला गेली आणि प्लास्टिकच्या आत, शेवाळातून, पांढरी नाजूक मुळं बाहेर डोकावताना दिसली. सहा वर्षांची असल्यापासून ती बागेतल्या कलमांची अशी मुळं पाहत आली होती. मुळं पाहून तिला नेहमी आनंद व्हायचा. आज झाला नाही.

गुटी तयार. म्हणजे आता कापायची. म्हणजे तो घेऊन जाणार... आणि मग कशाला येणार?

ती घरात गेली, पोत्याचा एक तुकडा आणला आणि गुटीवर गुंडाळून टाकला. मुळांना ऊन लागू नये म्हणून, असं कुणी विचारलं तर सांगायचं ठरवलं.

श्यामनं विचारलंच. "हे पोतं?"

"ऊन लागते ना."

श्यामनं वर पाहिलं. आठवडा झाला, सूर्य कुणाला दिसला नव्हता.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "लागते ऊन."

पोळा तोंडावर आला आणि वामनरावांनी बातमी आणली. पुण्याचं स्थळ. मुलगा इंजिनिअर, हिंजवडीला, स्वतःचा फ्लॅट. नागपुरातल्या स्नेह्यांकडून आलेलं, चांगली माणसं. रविवारी पाहायला येणार होते.

"फोटो पाहून घे," ते म्हणाले. मुलगा दिसायला खरंच छान होता. हसरा. पण त्याच्या मागे कोपऱ्यात एक हिरवंगार झाड होतं, आणि करिश्मानं फोटो मोठा करून पाहिला तर ते प्लास्टिकचं निघालं. त्या बिचाऱ्या मुलाचा यात काय दोष? तरी तिला त्या झाडाच्या पुढे काही सरकता येईना.

"जमलं तर गुटी बांधून टाक या पावसातच," वामनराव म्हणाले. "त्यायच्या बाल्कनीत राह्यन." ते मोठ्या आनंदात होते. तिला 'नाही' म्हणता आलं नाही. काय सांगून नाही म्हणायचं? एका माणसाचं ठिबक फार तुंबतं म्हणून?

दुसऱ्या दिवशी आत्या फुलं न्यायला आली. तिला अनंताची चार पानं हवी होती, ती मागच्या बाजूला गेली, आणि बराच वेळ परत आली नाही. करिश्मा धावत गेली तेव्हा पोत्याचा तुकडा आत्याच्या हातात होता.

प्लास्टिकच्या आत आता पांढरं काही नव्हतं. मुळं तपकिरी होऊन एकमेकांत गुंतली होती, बाहेर जायला जागा नाही म्हणून आतल्या आत गोल फिरत होती. फांदीच्या टोकाची दोन पानं पिवळी झाली होती.

"कोनाची आहे वं ही?" आत्यानं विचारलं.

"आत्या, बाबाले नको सांगू."

"कोनाची इचारलं मी."

"...श्यामची."

"तो ड्रीपवाला? जो माह्या दुकानातून आईसाठी गजरा नेते?" आत्यानं डोळे बारीक केले. "माय वो! आन् मी त्याले समोर बसवून आपली सारी रीत सांगतली! गुटी म्हंजे काय, कोन बांधते, कोन कापते. लय कान देऊन आयकत होता मेला."

करिश्मानं आत्याचं मनगट धरलं. "कधी सांगतलं?"

"झाले असतील महिना-दीड महिना. काहून?"

म्हणजे त्याला माहीत होतं. पोतं गुंडाळायच्या आधीपासून त्याला ठाऊक होतं की या घरात गुटी कुणासाठी बांधतात. आणि तरी तो अवाक्षर बोलला नव्हता. करिश्माला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला काय वाटलं असेल? ही पोरगी आपल्या गळ्यात पडते आहे! आणि न बोलण्याचा अर्थ काय घ्यायचा? मनात असतं तर बोलला नसता का?

आत्या तिच्याकडे पाहत होती. तिनं पोतं जमिनीवर टाकलं आणि आवाज खाली आणला.

"पोरी, माह्यी गुटी तर मोर्शीले गेल्या गेल्या शेळीनं खाल्ली. तरी माहा संसार झालाच. रीत-बीत सोड. पन हे पाह्य, ही फांदी आता आईवर नाही राहू शकत. मुळं झाली, जागा नाही. चार दिवस आनखी ठेवशीन तं वाळन. त्याले बोलाव, देऊन टाक, नाही तं बोल काय बोलायचं ते. झाडाले कायले मारतं?"

त्या संध्याकाळी करिश्मानं मेसेज केला. 'गुटी तयार झाली. येऊन घेऊन जा.' रोप द्यायचं, नमस्कार करायचा, आणि रविवारी पुण्याच्या पाहुण्यांसमोर पोहे घेऊन जायचं. संपलं.

सकाळी तो आला. बॅग नाही, पाना नाही, हात रिकामे. पाऊस उघडला होता आणि अनंताच्या पानापानांवर ऊन चमकत होतं. तिनं कुंडी भरून तयार ठेवली होती. मुरमाड माती, शेणखत, पालापाचोळा. तिनं त्याच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून ती कुंडीशी बोलल्यासारखी बोलत राहिली.

"बोअरचं पाणी नाही टाकायचं. कूलरचं तर नावच नाही घ्यायचं. ताक आंबट पाह्यजे, ताजं नाही. ऊन सकाळचं. आन्..."

"करिश्मा."

त्यानं पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं. ती थांबली.

"मुळं मले दिसली होती," श्याम म्हणाला. "तुमी पोतं लावायच्या आधीच्या खेपेले, तुमाले दिसायच्या आधी, एक बारीक टोक. संत्र्याच्या बागात रोज कलमं पाहतो मी. दिसली होती."

"मंग बोलले काहून नाही?"

"बोललो असतो तर तुमी कापून दिली असती."

कुठंतरी साळुंकी ओरडत होती. करिश्मा कुंडीतली माती उगाच दाबत राहिली.

"आन् रीत... आत्यानं सांगतली होती ना तुमाले?"

"सांगतली. त्या दिवशी अकोल्यापर्यंत गाडी कशी चालवली, मले आठवत नाही." तो खाली पाहत होता, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "पण तुमी माह्यावर दया खाऊन बांधली असन, आईची गोष्ट आयकून... तर मी कसं विचारू? रोज ठरवत होतो विचारायचं. इथं आलो की फिल्टर साफ करत होतो. काल तुमचा मेसेज पाह्यला आन् समजलं, आता फिल्टरनं नाही भागत." त्यानं वर पाहिलं. "मले नुसतं रोप नको, करिश्मा. तुमी येत असान तर रोप पाह्यजे. नाही तर राहू द्या त्याले आईपाशी."

"ते नाही राहत आता आईपाशी," ती म्हणाली, आणि आता तिनं त्याच्याकडे पाहिलंच. "वाळून राह्यलं ते. मीच ठेवलं डांबून... तुमी यावं म्हणून. झालं समाधान?"

"आन् हे मले कोन सांगन?"

आवाज मागून आला होता. वामनराव उभे होते, हातात सिकेटर, फांद्या छाटायची कात्री. आत्याच्या पोटात गोष्ट किती वेळ टिकते, हे करिश्मानं आधीच ओळखायला हवं होतं.

ते फांदीपाशी गेले, वाकले, आणि आधी त्यांच्यातला माळी चिडला. "काय हाल केले हिचे! इतके दिवस कोनी ठेवते का गुटी? अक्कल आहे का दोघायले?" मग ते सरळ झाले आणि त्यांच्यातल्या बापानं विचारलं, "कोनाची आहे ही?"

श्याम पुढे झाला. "काका, चूक माह्यी..."

"तुले नाही विचारलं मी."

करिश्मानं डोळे पुसले. आतापर्यंत तिनं झाडाला, आत्याला, स्वतःला, सगळ्यांना काहीबाही सांगितलं होतं. आता काहीच सुचेना, त्यामुळे खरंच बोलावं लागलं.

"माह्यी आहे, बाबा. माह्या हातानं बांधली. मले श्यामच्या घरी जायचं आहे. पुण्याच्या लोकायले नका येऊ देऊ. तुमी नाही म्हणान तर मी जाणार नाही... पण दुसरीकडे गुटी नाही बांधणार."

वामनरावांनी श्यामकडे पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत, एखादं रोप घ्यावं की नाही अशा नजरेनं.

"पानी कोनतं देशीन याले?" त्यांनी विचारलं. "तुमच्याकडे तं सारं खारं."

"पावसाचं," श्याम म्हणाला. "जूनपासून साठवून राहिलो, काका. छताले पन्हाळी लावल्या, खाली टाकी बसवली. आईनं घरातले पिंप रिकामे करून भरून ठेवले. धान्य पोत्यात गेलं. बाबा चिडले, तिनं नाही आयकलं."

वामनरावांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "गोळा करून ठेवलं म्हंतं? गुटीले मुळं फुटायच्या आधी?"

"हो."

"भरवसा दांडगा आहे गड्याचा." ते क्षणभर फांदीकडे पाहत राहिले. "रविवारी वडिलाले घेऊन येजो. काय नाव त्यायचं?"

"खुशालराव."

"खुशालरावाले घेऊन ये, आन् आईलेबी आन. पुण्याले मी फोन करतो. पोहे ठरलेलेच आहेत, खानारे बदलतील." मग ते पुन्हा माळी झाले. "पन हे आज कापावं लागन. कुंडीत लावू, तुळशीच्या लग्नापर्यंत इथंच सावलीत ठेवू. मंग हे आन् पोरगी संग जातीन. धर बे खालून, गोळा सुटला नाही पाह्यजे."

श्यामनं दोन्ही हातांची ओंजळ गुटीखाली धरली. वामनरावांनी सिकेटर फांदीला लावलं... आणि तसेच उभे राहिले. आरतीच्या लग्नाच्या वेळी दारात मांडव होता, वाजंत्री होती, पाहुणे घाई करत होते. कापली कधी ते कळलंसुद्धा नव्हतं. आज बाग शांत होती. त्यांचा हात काही मिटेना.

"बाबा," करिश्मा हळूच म्हणाली, "वाळन ती."

"हो. माहीत आहे मले."

तिनं आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. इतका रापलेला, जन्मभर फांद्या छाटलेला तो हात. दोघांनी मिळून दाबलं. कट्कन आवाज झाला आणि फांदी श्यामच्या ओंजळीत आली. वामनराव लगेच पाठमोरे झाले आणि मोटर चालू आहे का ते पाहायला निघून गेले. मोटर बंदच होती.

करिश्माला रडू आलं, आणि रडता रडता हसूही. कारण श्याम तो मुळांचा ओला गोळा छातीशी धरून, शर्टभर माती करून घेत, "कुठी ठेवू? लवकर सांग, कुठी ठेवू?" असं विचारत जागच्या जागी फिरत होता, आणि कुंडी त्याच्या पायाशीच होती.